कॅन्सर संशोधन केंद्राची कचेरी करते तरी काय?

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या कॅन्सर केंद्रात शे-दोनशे संशोधक ‘सदस्य’ असतात, पण त्यांतले बहुतेक जण त्या केंद्राचे नोकर नसतातच. कुणी बायोकेमिस्ट्री विभागाचा, कुणी सर्जरीचा, कुणी सार्वजनिक आरोग्य विद्याशाखेचा. पगार विभाग देतो, प्रयोगशाळेची जागा डीनच्या हातात असते, ग्रँट संशोधकाने स्वतः मिळवलेली असते आणि रुग्ण हॉस्पिटलचे असतात. केंद्राचं स्वतःचं म्हणावं असं थोडंच असतं: संचालक, काही सामायिक यंत्रसामग्री, बेताचा पैसा आणि एक कचेरी.

कचेरी म्हटलं की मीटिंगा लावणं, पाहुण्यांची तिकिटं काढणं, खर्चाची बिलं पुढे पाठवणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. ते असतंच, आणि नीट झालं नाही तर सगळ्यांना जाणवतंही. पण इथलं खरं काम ताळमेळाचं आहे. एकाच संशोधकाची, एकाच डॉलरची, एकाच ट्रायलची (रुग्णांवरच्या उपचार-चाचणीची) नोंद चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी असते. त्या नोंदी वेगवेगळे लोक, वेगवेगळ्या कारणांसाठी, वेगवेगळ्या तारखांना करतात. बाहेरचा तपासनीस मात्र त्या सगळ्या शेजारी ठेवून वाचतो. केंद्रांवर येणाऱ्या बहुतेक प्रशासकीय अडचणी लबाडीतून येत नाहीत, या नोंदी एकमेकींपासून सरकल्यामुळे येतात.

शिक्का आणि त्यामागची ग्रँट

राष्ट्रीय कॅन्सर संस्था म्हणजे एनसीआय. ती १९३७ साली स्थापन झाली आणि आज एनआयएच या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचा भाग आहे. २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कॅन्सर कायद्यावर सही केली आणि देशभरातल्या कॅन्सर केंद्रांच्या कार्यक्रमाला आजचं रूप आलं. एनसीआयचा शिक्का असलेली सत्तरहून जास्त केंद्रं सध्या आहेत. काही फक्त प्रयोगशाळेतल्या मूलभूत संशोधनाची, काही रुग्णांवरच्या संशोधनासह चालणारी, आणि सर्वांत जास्त ‘सर्वसमावेशक’ दर्जाची.

शिक्का मिळतो तो एका ग्रँटमधून. कागदोपत्री तिचं नाव कॅन्सर सेंटर सपोर्ट ग्रँट, बोलण्यात ‘पी-थर्टी’. मुदत पाच वर्षांची. अर्ज करायचा तर संस्थेकडे कॅन्सरशी संबंधित, तज्ज्ञ-परीक्षणातून मिळालेलं निदान एक कोटी डॉलर वार्षिक प्रत्यक्ष (थेट संशोधनावरच्या) खर्चाचं संशोधन आधीच चालू असावं लागतं. म्हणजे ही ग्रँट संशोधन सुरू करण्यासाठी नाही, चालू असलेलं संशोधन एकत्र बांधण्यासाठी आहे. तिच्यातून संशोधन-कार्यक्रमांच्या (सदस्यांच्या विषयवार गटांच्या) प्रमुखांचा थोडा वेळ, सामायिक प्रयोगशाळांचा काही खर्च, ट्रायलच्या शास्त्रीय छाननीची यंत्रणा, नव्या कल्पनांसाठी बीजभांडवल आणि कचेरीचे पगार भागतात.

परीक्षक सहा गोष्टी पाहतात: जागा, संघटनक्षमता, वेगवेगळ्या विद्याशाखांचं एकत्र काम, कॅन्सरवरचा रोख, विद्यापीठाचा पाठिंबा आणि संचालक. सहाही गुण अमूर्त वाटतात. पण त्यांचा पुरावा तक्त्यांतून, पत्रांतून आणि आकड्यांतून द्यायचा असतो, आणि तो गोळा करणारी माणसं कचेरीतच बसतात.

कचेरीचा प्रमुख बहुधा प्रशासन सांभाळणारा सहयोगी संचालक असतो. त्याच्या हाताखाली जमाखर्च पाहणारे, सदस्यत्व आणि डेटा सांभाळणारे, सामायिक प्रयोगशाळांचे व्यवस्थापक. ट्रायल ऑफिस बहुतेक ठिकाणी वेगळं आणि आकाराने कितीतरी मोठं असतं, कधी केंद्राकडे, कधी हॉस्पिटलकडे. ते कुणाकडे आहे यावरून रोजच्या कुरबुरी ठरतात.

पगाराचं गणित

सरकारी पैशाचा प्रत्येक खर्च चार कसोट्यांना उतरावा लागतो: नियमात बसणारा, त्याच प्रकल्पाच्या नावे घालता येणारा, वाजवी, आणि सारख्या परिस्थितीत सारखाच वागवलेला. हे नियम एका सामायिक संहितेत आहेत. तिचा एक नियम या कचेरीला थेट लागू पडतो. कारकुनी आणि प्रशासकीय पगार साधारणपणे ग्रँटवर थेट टाकायचे नसतात, ते वरकड खर्चात (इमारत, वीज, प्रशासन अशा सामायिक खर्चात) धरलेले असतात. पी-थर्टीमध्ये ते चालतात, कारण प्रशासन हाच त्या ग्रँटचा एक मंजूर घटक आहे. म्हणून पी-थर्टीतून पगार घेणारी व्यक्ती दुपारभर एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक ग्रँटचा अर्ज भरत असेल, तर तेवढा वेळ पी-थर्टीचा नाही. हा हिशेब लोक सर्रास विसरतात.

वरकड खर्चाचा दर प्रत्येक विद्यापीठ सरकारशी बोलणी करून ठरवतं, आणि त्यातल्या प्रशासकीय भागावर १९९१ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने सगळ्यांना सरसकट १५ टक्के दर लावण्याचं जाहीर केलं होतं, न्यायालयाने ते रोखलं. दर लागतो तो संपूर्ण रकमेवर नाही. महागडी उपकरणं, रुग्णसेवेचा खर्च, विद्यार्थ्यांची फी आणि बाहेरच्या संस्थेला दिलेल्या उपकंत्राटाचा पहिल्या टप्प्यापलीकडचा भाग वगळायचा असतो. २०२४ च्या सुधारणेत ‘उपकरण’ म्हणून धरण्याची किमान किंमत ५,००० वरून १०,००० डॉलर झाली आणि उपकंत्राटाचा टप्पा २५,००० वरून ५०,००० वर गेला. मात्र ज्या विद्यापीठाचा दर जुन्या हिशेबाने ठरला आहे, तिथे नवा दर ठरेपर्यंत जुनेच आकडे चालू राहतात. बजेटच्या जुन्या फाइलची नक्कल करून नवं बजेट बनवणारे इथे हमखास चुकतात.

आता पगार जवळून पाहू. समजा एका कार्यक्रम-प्रमुखाचा मूळ वार्षिक पगार ३,००,००० डॉलर आहे आणि त्याचा १० टक्के वेळ पी-थर्टीवर आहे. साधा गुणाकार म्हणतो ३०,०००. पण एनआयएचच्या पैशातून पगार देताना वरची मर्यादा असते. १ जानेवारी २०२५ पासून ती २,२५,७०० डॉलर होती. म्हणून ग्रँटवर टाकता येतात २२,५७०. उरलेले ७,४३० डॉलर दुसऱ्या कुठल्याही केंद्र सरकारी ग्रँटवर टाकता येत नाहीत. ते विभागाने किंवा केंद्राने आपल्या खिशातून भरायचे. हे कोण भरणार याचं लेखी उत्तर आधी घेतलं नसेल, तर वर्षअखेरीला विभागाचा हिशेबनीस फोन करतो आणि मग जुनी ई-मेल शोधत बसावं लागतं. अशा वीस प्रमुखांचा वेळ ग्रँटवर असेल तर ही तफावत एका कर्मचाऱ्याच्या पगाराहून मोठी होते.

वेळ सांगताना एनआयएच टक्के लिहीत नाही, ‘व्यक्ती-महिने’ लिहितं. बारा महिन्यांच्या नेमणुकीत १० टक्के म्हणजे १.२ महिने. नऊ महिन्यांच्या नेमणुकीत शैक्षणिक वर्षाचे वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे. एका माणसाचा सगळीकडचा वेळ मिळून १०० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि त्या १०० टक्क्यांत शिकवणं, दवाखाना, विभागाच्या समित्या सगळं येतं. कागदावर ९८ टक्के वेळ ग्रँटवर दाखवणारा डॉक्टर आठवड्यातले दोन दिवस रुग्ण तपासत असेल तर तो कागद खोटा आहे, मग कुणाच्या मनात काही असो वा नसो. मंजुरीपत्रात नावाने नोंदलेल्या मुख्य व्यक्तीचा वेळ २५ टक्के किंवा त्याहून जास्त कमी करायचा झाला तर आधी परवानगी लागते.

चुकीच्या खात्यावर गेलेला खर्च हलवता येतो, पण चूक लक्षात आल्यापासून ९० दिवसांच्या आत आणि कारण लिहून. ‘लेखनिकाची चूक’ एवढंच कारण पुरत नाही. चूक कशी झाली, योग्य खातं हेच कसं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे तिन्ही हवं. वर्ष संपता संपता उरलेल्या ग्रँटवर एकदम खर्च हलवले की ऑडिटरची नजर तिथेच जाते. पी-थर्टीमध्ये उरलेला पैसा आपोआप पुढच्या वर्षी नेता येत नाही, त्यासाठी मंजुरी मागावी लागते. त्यामुळे दर महिन्याला खर्च पाहणं आणि सहाव्या महिन्यात पुढचा अंदाज बांधणं ही चैन नव्हे.

कोण सदस्य, कुणाचा पेपर

केंद्राच्या डेटाचा कणा म्हणजे सदस्यांची यादी. प्रत्येकाचं नाव, विभाग, कार्यक्रम, सदस्यत्वाचा प्रकार, सुरू झाल्याची तारीख आणि संपल्याची तारीख. शेवटची तारीख भरायला लोक विसरतात. विद्यापीठ सोडून दोन वर्षं झालेला माणूस यादीत राहतो, त्याचे नवे पेपर मोजले जातात, आणि कुणीतरी परीक्षक त्याला ओळखत असतो.

पेपर मोजण्याची पद्धत एका उदाहरणावरून कळेल. एका लेखाला तीन सदस्य लेखक आहेत: दोन ‘अ’ कार्यक्रमाचे, एक ‘ब’ कार्यक्रमाचा. ‘अ’साठी हा लेख कार्यक्रमांतर्गत सहकार्याचाही आणि दोन कार्यक्रमांमधल्या सहकार्याचाही. ‘ब’साठी फक्त दोन कार्यक्रमांमधल्या सहकार्याचा. केंद्राच्या एकूण बेरजेत तो एकदाच. आता पाच वर्षांत असे दीड-दोन हजार लेख असतील तर कार्यक्रमांच्या बेरजा मिळवून केंद्राची बेरीज येत नाही, आणि यायलाही नको. हे माहीत नसलेला नवा माणूस ‘आकडे जुळत नाहीत’ म्हणून दोन दिवस घालवतो.

गुंतागुंत नावांची असते. आडनाव आणि एक आद्याक्षर एवढ्यावर शोध घेतला तर भलत्याच माणसाचे शेकडो लेख येतात. ओआरसीआयडी हा प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक बरीच मदत करतो, पण तो सगळ्यांनी नीट ठेवलेला नसतो. म्हणून दर महिन्याला पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतून यादी काढायची, कॅन्सरशी संबंध नसलेले लेख बाजूला काढायचे, आणि शंकेच्या जागा कार्यक्रम-प्रमुखाला दाखवायच्या. सदस्याने वर्षाच्या मध्यात कार्यक्रम बदलला तर लेख जुन्या खात्यात की नव्या? दोन्ही पद्धती चालू शकतात. एक निवडून लिहून ठेवा आणि पाच वर्षं तीच पाळा.

सामायिक प्रयोगशाळा वापरून झालेल्या लेखात पी-थर्टीचा क्रमांक यायला हवा. तो ‘पी३०सीए’ने सुरू होतो आणि पुढे सहा आकडे असतात. ‘सीए’ ही एनसीआयची खूण. क्रमांक छापला की त्या लेखाला एनआयएचचं सार्वजनिक उपलब्धतेचं धोरणही लागू होतं. १ जुलै २०२५ पासून किंवा त्यानंतर स्वीकारलेल्या लेखाचं हस्तलिखित स्वीकृतीच्या वेळी पबमेड सेंट्रल या खुल्या संग्रहाकडे द्यायचं आणि प्रकाशनाच्या दिवशी ते सर्वांना खुलं व्हायला हवं. आधी मिळणारी बारा महिन्यांची सवलत गेली. धोरण न पाळलेला एखादाही लेख प्रगती-अहवालात लाल खुणेने दिसतो आणि पुढच्या वर्षीचं मंजुरीपत्र अडकू शकतं. लेखक तोवर दुसऱ्या देशात पोस्टडॉक करत असतो. त्याला गाठून हस्तलिखिताची मंजुरी घेणं हे कचेरीचं काम.

एनसीआयला दरवर्षी जे प्रमाणित तक्ते द्यायचे असतात, त्यांना बोलण्यात ‘डीटी’ म्हणतात. पहिल्यात नेतृत्व, कार्यक्रम आणि सामायिक प्रयोगशाळा. दुसऱ्यात चालू ग्रँट. तिसऱ्यात रुग्णसंख्या, चौथ्यात ट्रायल. सगळ्यांत डोकेदुखी दुसऱ्याची. समजा एका ग्रँटचा वर्षाचा प्रत्यक्ष खर्च ४,००,००० डॉलर आहे, ती एनआयएचच्या दुसऱ्या संस्थेची आहे आणि विषयाचा ६० टक्के भाग कॅन्सरचा. तक्त्यात धरायचे २,४०,०००. प्रकल्प दोन कार्यक्रमांत अर्धा-अर्धा वाटला असेल तर प्रत्येकी १,२०,०००. दोन प्रमुख संशोधक दोन कार्यक्रमांत आहेत म्हणून दोन्हीकडे पूर्ण रक्कम धरली तर आकडा दुप्पट होतो, आणि ही चूक फार वेळा होते. ६० टक्के कोण ठरवतं? संशोधकाला विचारलं तर तो शंभर म्हणतो. ग्रँटचा सारांश वाचून कार्यक्रम-प्रमुखाने ठरवायचं, एका ओळीत कारण लिहायचं, आणि ग्रँट संपेपर्यंत ते बदलायचं नाही.

सामायिक प्रयोगशाळेचा दर

पेशी मोजणारं फ्लो सायटोमीटर किंवा डीएनए वाचणारं सिक्वेन्सर प्रत्येक संशोधकाने विकत घ्यायचं तर कुणालाच परवडणार नाही. म्हणून केंद्र ते ठेवतं, चालवायला तज्ज्ञ नेमतं आणि वापराचे पैसे घेतं. दर कसा काढायचा हे सोयीचे आकडे घेऊन पाहू. दोन तंत्रज्ञांचे पगार आणि लाभ २,१०,००० डॉलर, देखभालीचा करार ६०,०००, रसायनं आणि किरकोळ सामान ३०,०००. वर्षाचा खर्च ३,००,०००. यंत्र वर्षात ३,००० तास चालेल असा अंदाज. पूर्ण दर ताशी १०० डॉलर. पी-थर्टीने ७५,००० दिले तर सदस्यांसाठी ताशी ७५.

अंदाज चुकून यंत्र २,४०० तासच चाललं, तर सदस्यांच्या ७५ च्या दराने जमा होतात १,८०,०००. हवे होते २,२५,०००. खड्डा ४५,००० चा. लगेच दर वाढवला तर वापरणारे बाहेरच्या कंपनीकडे जातात, तास आणखी घटतात, खड्डा वाढतो. असं दोन वर्षं चाललं की प्रयोगशाळा बंद करण्याची चर्चा सुरू होते. तेव्हा तासांचा अंदाज व्यवस्थापकाच्या उमेदीवर बांधू नका, मागच्या बारा महिन्यांच्या बुकिंगवर बांधा.

उलट बाजूने, नफाही करता येत नाही. दर निदान दोन वर्षांतून एकदा तपासून आधीचा तोटा-नफा पुढच्या दरात मिसळायचा असतो. सरकारी पैशाने घेतलेल्या यंत्राची झीज दरात धरायची नाही, कारण सरकारने त्याचे पैसे एकदा दिले आहेत. सरकारी ग्रँटवरच्या वापरकर्त्याला आतल्या इतरांपेक्षा महाग दर लावायचा नाही. बाहेरच्या उद्योगाकडून जास्त घेता येतात.

बिल उशिरा पाठवणं हा या प्रयोगशाळांचा जुना रोग. मार्चमधल्या कामाचं बिल सप्टेंबरला गेलं तर तोवर संशोधकाची ग्रँट जूनमध्ये संपलेली असते. मग तो खर्च कुणाचा? वाद मिटेपर्यंत प्रयोगशाळेचं खातं तुटीत. महिन्याचं बिल पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत, आणि चालू खातं क्रमांकाशिवाय बुकिंगच नाही, एवढे दोन नियम पाळले तरी बरीच भांडणं टळतात.

ट्रायल उघडायची म्हणजे

नवा प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलची लेखी योजना, आला की आधी त्या आजाराच्या डॉक्टरांचा गट पाहतो: आपल्याकडे असे रुग्ण आहेत का, याच रुग्णांसाठी झगडणारी दुसरी ट्रायल चालू आहे का. तिथून पुढे शास्त्रीय छाननी समिती. ती प्रश्नाची योग्यता, संख्याशास्त्र आणि रुग्ण भरतीचा अंदाज तपासते. नैतिकता समितीचं काम वेगळं, ती माणसांचं संरक्षण पाहते. एनआयएचच्या पैशावरच्या, अनेक ठिकाणी एकाच प्रोटोकॉलने चालणाऱ्या अभ्यासांना २५ जानेवारी २०१८ पासून एकच सामायिक नैतिकता समिती लागते. याशिवाय करार, बजेट, औषधशाळा, गरज असेल तर किरणोत्सर्ग-सुरक्षा आणि जैवसुरक्षा. यांतली बरीच कामं समांतर चालवता येतात. एकापाठोपाठ एक रांगेत लावली तर महिने वाया जातात.

छाननी समितीचा एक अधिकार महत्त्वाचा असूनही वापरताना सगळ्यांना अवघड वाटतो: रुग्ण न मिळणारी ट्रायल बंद करणं. एकही रुग्ण न आलेल्या ट्रायललाही नैतिकता समितीची वार्षिक कामं, औषधाचा साठा, प्रायोजकाचे (बहुधा औषध कंपनीचे) दौरे, सुधारित प्रोटोकॉल सगळं करावंच लागतं. दुर्मीळ कॅन्सरच्या अभ्यासांना सूट देणं रास्त आहे. बाकीच्यांना ठराविक मुदतीत ठराविक रुग्ण, नाहीतर बंद, असा नियम आधी लिहिलेला हवा. नाहीतर ज्याची ट्रायल तो समितीतल्या मित्राला फोन करतो.

आता बिलाची गोष्ट, कारण सगळ्यांत महागात पडणारी चूक इथे होते. प्रोटोकॉल म्हणतो दर सहा आठवड्यांनी सीटी स्कॅन. नेहमीच्या उपचारात याच रुग्णाला बारा आठवड्यांनी स्कॅन झाला असता असं धरा. म्हणजे बारा, चोवीस, छत्तीस आठवड्यांचे स्कॅन नेहमीच्या उपचाराचे, ते विम्याकडे जाऊ शकतात. सहा, अठरा, तीस आठवड्यांचे संशोधनाचे, ते प्रायोजकाने द्यायचे. हे प्रत्येक तपासणीसाठी, प्रत्येक भेटीसाठी एका तक्त्यात मांडायचं. याला कव्हरेज अॅनालिसिस म्हणतात. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्याने पात्र ट्रायलमधला नेहमीचा खर्च द्यायचा, असं २००० साली ठरलं, आणि खासगी विम्यांनाही २०१४ पासून कायद्याने ते बंधन आलं.

हा तक्ता बरोबर असून भागत नाही. प्रायोजकाशी केलेल्या बजेटमध्ये तेच स्कॅन असायला हवेत, करारातही तेच, आणि रुग्णाने सही केलेल्या संमतिपत्रातही तेच. संमतिपत्रात ‘सर्व स्कॅन मोफत’ असं राहून गेलं आणि बाराव्या आठवड्याचं बिल विम्याकडे गेलं, तर तुमचा तक्ता कितीही अचूक असला तरी ते बिल चुकीचं. करार बदलला की संमतिपत्र बदलतं, प्रोटोकॉलची नवी आवृत्ती आली की चारही कागद पुन्हा पाहायचे. मेडिकेअरच्या बिलावर ट्रायलचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांकही लागतो. ‘एनसीटी’ आणि पुढे आठ आकडे, २०१४ पासून सक्तीचा. शिवाय संशोधनाची सेवा आणि नेहमीची सेवा वेगळी दाखवणाऱ्या क्यू-शून्य आणि क्यू-एक अशा खुणा. प्रायोजकाने द्यायचा खर्च सरकारी विम्याकडे मागितल्याच्या आरोपावरून एका विद्यापीठाने २०१३ मध्ये १५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. रुग्णाने संमतिपत्रावर सही केली की त्याच दिवशी हॉस्पिटलच्या संगणकात ‘हा रुग्ण अमुक ट्रायलमध्ये’ अशी खूण झाली पाहिजे. ती झाली की बिलं आपोआप न जाता तपासणीसाठी थांबतात. खूण तीन दिवस उशिरा झाली तर मधल्या तीन दिवसांतल्या रक्तचाचण्या सरळ विम्याकडे जातात. ट्रायल समन्वयकाकडे सहा ट्रायल आणि सत्तर रुग्ण असले तर उशीर होणारच, म्हणून त्याच्या डोक्यावर खापर फोडण्याआधी त्याच्यावरचा भार मोजा.

नोंदणीच्या तारखाही एकसारख्या नाहीत. कायद्याने पहिला रुग्ण दाखल झाल्यापासून २१ दिवसांत क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर नोंद चालते, पण मोठी वैद्यकीय नियतकालिकं पहिल्या रुग्णाच्या आधीच नोंद मागतात. म्हणजे कायदा पाळूनही पेपर नाकारला जाऊ शकतो. आधीच्या तारखेला चालणं शहाणपणाचं. निकाल प्राथमिक पूर्ततेच्या (मुख्य निकालासाठीची शेवटची तपासणी झाल्याच्या) तारखेपासून एका वर्षात द्यायचे. एनसीआयच्या वेगळ्या नोंदणीत रुग्णसंख्या दर तिमाहीला. ही संख्या चौथ्या तक्त्यातल्या संख्येशी जुळली नाही तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

नूतनीकरणाचं वर्ष

पाच वर्षांची मुदत संपण्याच्या साधारण दीड-दोन वर्षं आधी तयारी सुरू होते. अर्जाच्या तारखा वर्षात तीन: २५ जानेवारी, २५ मे, २५ सप्टेंबर, आपल्या संस्थेच्या स्थानिक वेळेप्रमाणे संध्याकाळी पाचपर्यंत. अनेक घटकांचा अर्ज असल्यामुळे तो एनआयएचच्या असिस्ट या प्रणालीतून भरला जातो. शेकडो पानं, वीस-पंचवीस लेखक.

इथे कचेरीने एकच गोष्ट हट्टाने करावी: डेटा गोठवण्याची तारीख. अमुक दिवसानंतर सदस्यांची यादी, लेखांची मोजणी, ग्रँटची बेरीज बदलणार नाही. तारीख नसली की प्रत्येक लेखक आपापल्या दिवशीचा आकडा उचलतो. प्रस्तावनेत १८४ सदस्य, कार्यक्रमाच्या भागात मिळून १८१, तक्त्यात १८६. तिन्ही त्या त्या दिवशी खरे. परीक्षकाला मात्र केंद्राला आपले सदस्य किती हेच ठाऊक नाही असं वाटतं. गोठवलेले आकडे एकाच पानावर छापून सगळ्या लेखकांना द्या आणि मजकुरातला प्रत्येक आकडा त्या पानाशी लावून पाहायला अर्ज न लिहिलेला माणूस बसवा.

अक्षर अकरा पॉइंटपेक्षा लहान नको, समास निदान अर्धा इंच. आकृतीतली अक्षरं वाचता यायला हवीत. पीडीएफ साधी, कुलूपबंद नाही. विद्यापीठाचं ग्रँट ऑफिस बहुतेक ठिकाणी चार-पाच कामाचे दिवस आधी पूर्ण अर्ज मागतं, ते जाचक वाटलं तरी पाळा. प्रणालीत अर्ज त्रुटीशिवाय गेल्यावर दोन कामाचे दिवस तो पाहून घेता येतो, चूक दिसली तर मागे घेऊन पुन्हा भरता येतो. पण मुदत उलटली असेल तर पुन्हा भरलेला अर्ज उशिराचा ठरतो. म्हणून शेवटच्या दिवशी दुपारी चारला बटण दाबणाऱ्याला ही सोय मिळत नाही.

अर्ज गेल्यावर काही महिन्यांनी परीक्षक भेटतात. त्याआधी बाहेरच्या सल्लागार मंडळासमोर रंगीत तालीम होते. या मंडळाने वर्षातून निदान एकदा केंद्राची तपासणी करून लेखी अहवाल द्यायचा असतो, आणि खरे परीक्षक तो अहवाल मागून ‘यावर तुम्ही काय केलंत’ असं विचारतात. प्रत्येक शिफारशीपुढे केलेली कृती आणि तारीख लिहिलेला तक्ता तयार असेल तर उत्तर दोन मिनिटांत देता येतं.

ग्रँट मंजूर झाली तरी मागितलेला सगळा पैसा मिळेलच असं नाही. मंजुरीपत्र हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात नवी खाती उघडायची, कपात कुठल्या घटकावर पडणार याची संचालकाकडून सही घ्यायची, पगारांची विभागणी पहिल्याच पगाराआधी बदलायची, उपकंत्राटं नव्याने काढायची. विभागणी उशिरा बदलली की मागच्या महिन्यांचे खर्च हलवणं आलं, म्हणजे पुन्हा ते ९० दिवस आणि ती कारणं. वार्षिक प्रगती-अहवाल नव्या वर्षाच्या साठ दिवस आधी द्यायचा असतो, वर्षाचा आर्थिक अहवाल ज्या तिमाहीत बजेट-वर्ष संपलं त्या तिमाहीअखेरीपासून ९० दिवसांत. ग्रँट कायमची बंद होत असेल तर अंतिम अहवालांना १२० दिवस, आणि अंतिम आर्थिक अहवाल दिल्यापासून पुढे तीन वर्षं कागद जपून ठेवायचे. एखादं ऑडिट मध्येच सुरू झालं तर ते मिटेपर्यंत.